प्रसिद्ध चेहऱ्यांचे लसविरोधी बोल आणि आमची ड्यू लिस्ट

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

चित्रपट, मालिका, क्रिकेट, कीर्तन-प्रवचन अशा क्षेत्रांत नाव कमावलेली मंडळी अधूनमधून लसींच्या विरोधात मत व्यक्त करतात. ते मत वर्तमानपत्रात चार ओळींत छापून येते, मोबाइलवर दोन दिवस फिरते आणि बहुतेकांच्या विस्मरणातही जाते. मी नागपुरात एकतीस वर्षे आरोग्य सेविका म्हणून काम केले आणि आता निवृत्त आहे. अशा दोन मिनिटांच्या वक्तव्याचे पुढे वस्तीत काय होते, हे मी उंबरठ्यावर उभे राहून पाहिले आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

२०२२ च्या अखेरीस मुंबईत, विशेषतः गोवंडी परिसरात, गोवराचा उद्रेक झाला आणि लहान मुलांचे मृत्यू झाले. त्यानंतर आमच्याकडेही लस राहून गेलेल्या मुलांचा घरोघरी शोध सुरू झाला. उत्तर नागपुरातील एका वस्तीत सतरा महिन्यांच्या एका मुलाचे नाव ड्यू लिस्टमध्ये, म्हणजे लस द्यायची बाकी असलेल्या मुलांच्या यादीत, होते. नवव्या महिन्याचा एमआरचा (गोवर-रुबेला लसीचा) डोस त्याने घेतला होता, दुसरा बाकी होता. अंगणवाडीत लसीच्या भुकटीत पाणी मिसळून कुपी तयार करून ठेवली होती, आणि एकदा तयार केलेली ही लस चार तासांत वापरली नाही तर फेकूनच द्यावी लागते, त्यामुळे आशाताई आणि मी घड्याळाकडे पाहतच त्या घरी पोहोचलो. मुलगा आईच्या कडेवर होता आणि त्याने लसीकरण कार्डाचा कोपरा चघळून ओला केला होता. आईने कार्ड दिले नाही, मोबाइल पुढे केला. टीव्हीवर रोज दिसणारा एक चेहरा त्यात सांगत होता की, त्याने स्वतःच्या मुलांना एकही लस दिलेली नाही आणि मुले ठणठणीत आहेत. ती म्हणाली, “सिस्टर, तुमचं खरं असन, पण एवढा मोठा माणूस खोटं कायले बोलन?”

या प्रश्नाला अडाणीपणा म्हणून झटकून टाकणारे अधिकारी मी पाहिले आहेत, आणि त्याचा मला आजही राग येतो. ती बाई दहावी शिकलेली होती आणि तिचा तर्क चुकीचा नव्हता. ज्याच्याकडे पैसा आहे, मोठमोठे डॉक्टर ज्याच्या ओळखीचे आहेत, त्याने चौकशी करूनच असे म्हटले असेल, असे तिने गृहीत धरले. चूक त्या गृहीताला न जागणाऱ्याची आहे.

लसींमुळे स्वमग्नता (ऑटिझम) येते, हा समज कसा पसरला ते पाहावे. १९९८ मध्ये अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरने ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात केवळ बारा मुलांच्या आधारे एक लेख लिहिला आणि गोवर, गालगुंड व रुबेलाच्या एकत्रित लसीबद्दल शंका उभी केली. लसउत्पादकांवर दावा लावू पाहणाऱ्या वकिलांकडून त्याला पैसे मिळत होते, हे पुढे ब्रायन डीअर या पत्रकाराने उघडकीस आणले. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ने तो लेख मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्डचे नाव ब्रिटनच्या वैद्यक नोंदवहीतून काढून टाकण्यात आले. मात्र तोवर ती शंका प्रसिद्ध माणसांच्या तोंडी बसली होती. जेनी मॅकार्थी ही अमेरिकन अभिनेत्री २००७ पासून दूरचित्रवाणीवर आपल्या मुलाच्या स्वमग्नतेचा संबंध लसीशी जोडत होती, आणि २००८ मध्ये तिने व जिम कॅरी या अभिनेत्याने वॉशिंग्टनमध्ये मोर्चाही काढला. एका आईचे डोळ्यांत पाणी आणून सांगितलेले दुःख एकीकडे आणि दुसरीकडे डॉक्टरांचे कोरडे आकडे, अशा सामन्यात आकडे हरतात. २०१९ मध्ये डेन्मार्कमधील साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि लस घेतलेल्या मुलांत स्वमग्नतेचे प्रमाण जास्त आढळले नाही. त्या अभ्यासाची बातमी किती जणांना आठवते?

त्या आईचे दुःख खोटे होते, असे मी म्हणत नाही. मूल बोलायला लागण्याचे, नावाने हाक मारल्यावर वळून पाहण्याचे जे वय, त्याच वयात स्वमग्नतेची लक्षणे घरच्यांच्या ध्यानात येऊ लागतात, आणि लसीच्या वेळापत्रकातील महत्त्वाचे डोसही नेमके त्याच वयात येतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते. पालकांना तसे वाटणे स्वाभाविक आहे. लाखो लोक आपले ऐकतात हे ठाऊक असताना खातरजमा न करता तेच जाहीरपणे सांगत राहणे मात्र क्षम्य नाही.

गोवराला पुष्कळ घरी अजूनही ‘माता आली’ असे म्हणतात आणि चार दिवसांत अंगावरून उतरेल म्हणून मुलाला घरातच ठेवतात. प्रत्यक्षात हा माणसाला होणाऱ्या सर्वांत संसर्गजन्य आजारांपैकी एक आहे. प्रतिकारशक्ती नसलेल्या समाजात एक रुग्ण बारा ते अठरा जणांना आजार देतो, आणि रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तेथील हवेत विषाणू राहू शकतो. साथ रोखायची तर शंभरातल्या पंचाण्णव मुलांचे दोन्ही डोस व्हावे लागतात. म्हणजे वीस घरांच्या गल्लीत दोन घरांनी नकार दिला तरी हिशेब बिघडतो, आणि त्याची झळ बसते ती नऊ महिने पूर्ण न झालेल्या, लस घेण्याच्या वयातच न आलेल्या शेजारच्या बाळाला.

सामोआ या प्रशांत महासागरातील लहानशा देशात हे घडून गेले आहे. २०१८ मध्ये तेथे लस तयार करताना परिचारिकांनी पाण्याऐवजी चुकून दुसरेच औषध मिसळले आणि दोन बाळे दगावली. चूक माणसांची होती, लस निर्दोष होती, पण सरकारने काही महिने ही लस थांबवली आणि तेवढ्या अवधीत परदेशातील लसविरोधकांच्या प्रचाराला मोकळे रान मिळाले. २०१९ मध्ये गोवर पसरला तेव्हा सुमारे दोन लाख लोकसंख्येच्या त्या देशात ८३ जणांचा मृत्यू झाला आणि त्यांत बहुतेक पाच वर्षांखालील मुले होती. मी स्वतः हजारो कुप्यांत ते पाणी मिसळले आहे. ही हकीकत वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही.

आपल्याकडेही हे घडते. नोव्हेंबर २०२१ मध्ये, कोविडची लस घराघरांत पोहोचवण्याची धडपड चालू असताना, राज्यातील एका लोकप्रिय कीर्तनकारांनी आपण लस घेतली नाही आणि घेणारही नाही, असे कीर्तनातून सांगितले, आणि आरोग्यमंत्र्यांना त्यांची समजूत काढण्याची भाषा करावी लागली. गाडगेबाबा आपल्या विदर्भाचे. त्यांनी त्याच कीर्तनाच्या आधारे लोकांना प्रश्न विचारून स्वच्छता शिकवली, म्हणून मला त्याचे अधिक वाईट वाटले. प्रसिद्धीचा उपयोग भल्यासाठीही होतो, हे पोलिओने दाखवले आहे. अमिताभ बच्चन यांनी ‘दो बूंद जिंदगी की’ म्हणत आयांना बूथवर येण्याचा आग्रह धरला, ते ऐकून मुलाला घेऊन आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. १३ जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओ विषाणूचा एकही रुग्ण सापडला नाही आणि २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ‘रोगराई घेऊन जा गे मारबत’ अशी आरोळी देत आपण नागपूरकर मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक काढतो. ही प्रथा सुरू झाली त्या काळात साथीचे भय घरोघरी होते. आज ते भय उरले नाही, कारण लसींनी आपले काम केले, आणि रोग डोळ्यांआड गेल्यामुळे लसच संशयास्पद वाटू लागली आहे.

माझी आपल्याला आणि इतर संपादकांना विनंती आहे की, लसीविषयी एखाद्या प्रसिद्ध व्यक्तीचे विधान छापायचे झाल्यास मेडिकल, मेयो किंवा एम्स या नागपुरातील सरकारी रुग्णालयांतील बालरोगतज्ज्ञांचे उत्तर त्याच बातमीत, त्याच दिवशी छापावे. दुसऱ्या दिवशीचा खुलासा आमच्या वस्तीत पोहोचत नाही. विधान करणाऱ्याला, कोणती लस, कोणता आजार आणि आधार कोणता, एवढे तरी वार्ताहराने विचारावे. आरोग्य खात्यालाही सांगणे आहे की, लसीनंतर एखाद्या मुलाला त्रास झाला तर जिल्हा समितीच्या चौकशीचा निष्कर्ष लोकांपुढे मोकळेपणाने ठेवावा, कारण आपण गप्प बसलो की ती जागा अफवा भरून काढतात.

त्या सतरा महिन्यांच्या मुलाला आमच्या चौथ्या फेरीत लस मिळाली. माझ्या बोलण्याने नव्हे, तर त्याच्या आजीने दंडावरचा देवी काढल्याचा व्रण सुनेला दाखवला आणि देवीत गेलेल्या आपल्या धाकट्या बहिणीचे नाव सांगितले, म्हणून. त्याच गल्लीतील आणखी दोन मुलांच्या घरी तोच व्हिडिओ पोहोचला होता. मी निवृत्त झाले तेव्हा त्या दोघांची नावे ड्यू लिस्टमध्ये तशीच होती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्य सेविका, नागपूर