पोटाच्या सोनोग्राफीत आतडं पण बघा की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझ्या मुलाला क्रोन्स आहे, आतड्याला सूज येत राहते असा कायमचा आजार. आधी टीबी समजून सहा महिने एकेटी, म्हणजे टीबीची औषधं झाली. दोन्ही आजार लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथेच जास्त करून बसतात आणि बायोप्सीतही पटकन उलगडा होत नाही, त्यामुळे त्याबद्दल कुणावर राग नाही. तक्रार वेगळीच आहे.

औषध लागू पडतंय का हे या आजारात पेशंटला विचारून कळत नाही. पोरगा म्हणतो मी ठणठणीत, आणि आत आतड्याची भिंत सुजून रस्ता अरुंद होत चाललेला असतो. म्हणून फोटो काढावेच लागतात. चार वर्षांत तीन सीटी झाले, पोराचं वय १९, दरवेळी रेडिएशन. मग एमआर एन्टेरोग्राफी, म्हणजे आतड्याचा एमआरआय. त्यात रेडिएशन नाही, पण उपाशीपोटी पुण्याला जायचं, लिटर-दीड लिटर मॅनिटॉलचं गोडमिट्ट पाणी तासाभरात संपवायचं, श्वास रोखून मशीनमध्ये पडायचं आणि येताना गाडी किती वेळा थांबवावी लागते ते विचारूच नका! चित्र मात्र झकास येतं, हे मान्य.

मागच्या वर्षी एका डॉक्टरांनी साध्या सोनोग्राफी मशीनवर, थायरॉईड बघतात तो प्रोब लावून, पंधरा मिनिटांत आतड्याच्या भिंतीची जाडी मोजली. ६ मिलिमीटर. नॉर्मल ३ च्या आत असते. कलर डॉपलरवर भिंतीत रक्तपुरवठा वाढलेलाही दिसला. औषध बदललं, तीन महिन्यांनी परत मोजलं तर ४. ना सुई, ना मॅनिटॉल.

घरी येऊन जुनी फाइल काढली. त्याआधीच्या पाच सोनोग्राफ्यांत लिव्हर, किडनी, प्लीहा सगळ्यांची मापं आहेत आणि आतड्याबद्दल एकच ओळ, गॅसमुळे नीट दिसत नाही. पाचही वेळा गॅस?

सोनोग्राफी म्हणजे सगळं आलं असं मी म्हणत नाही. ओटीपोटात खोलवरचं आणि गुदाशयाजवळचं तिला नीट दिसत नाही, पेशंट जाड असेल तर अजून अवघड. २०१८ साली ब्रिटनमध्ये २८४ पेशंटवर झालेल्या मेट्रिक अभ्यासात लहान आतड्यातला आजार एमआरआयने ९७ टक्के आणि सोनोग्राफीने ९२ टक्के पकडला, पण तो कुठवर पसरलाय हे सांगण्यात ८० विरुद्ध ७० असा फरक पडला. म्हणजे सुरुवातीला नकाशा काढायला एमआरआय लागणारच, पण दर तीन-चार महिन्यांनी सूज उतरली का एवढंच बघायला कशाला?

परदेशात पोटाचे डॉक्टर ओपीडीतच प्रोब लावतात म्हणे. आपल्याकडे गर्भलिंग निदानाच्या कायद्यामुळे मशीनची नोंदणी, ट्रेनिंग असं सगळं लागतं, आणि तो कायदा सैल करा असं मी कधीच म्हणणार नाही, देशात सगळ्यात आधी १९८८ साली तो आपल्याच राज्याने केला. पण रेडिओलॉजिस्टकडे मशीन आहे, नोंदणी आहे, प्रोब पण आहे. त्यांच्या संघटनांनी आणि मेडिकल कॉलेजांनी आतड्याची सोनोग्राफी मन लावून शिकवावी आणि क्रोन्स, कोलायटिसच्या (मोठ्या आतड्याची सूज) पेशंटच्या रिपोर्टमध्ये भिंतीची जाडी मिलिमीटरमध्ये लिहावी, एवढीच विनंती.

आमची पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे, साताऱ्यातच झाली तर पोराचं कॉलेज बुडणार नाही.

– एका पेशंटचा बाप, सातारा