पेन ड्राइव्हवर कंपायलर नेणं म्हणजे फाईल कॉपी करणं नव्हे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पुरवणीत ओपन सोर्सवर लेख आला होता. लेख चांगलाच होता, वाद नाही, पण त्यात एक वाक्य होतं की कंपायलर (आपण लिहिलेला कोड मशीनला कळेल असा करून देणारा प्रोग्रॅम) फुकट मिळतो, पेन ड्राइव्हवर घ्या आणि कुठल्याही कॉम्प्युटरवर नेऊन चालवा. वाचून आधी हसू आलं आणि मग थोडा रागच आला, कारण अगदी हेच खरं मानून मी दोन महिन्यांपूर्वी कामाला लागले होते आणि त्यात माझे चार शनिवार-रविवार गेले. म्हणून हे पत्र. लांबलंय, काटछाट करायची तर करा, फक्त ग्लिबसीचा, म्हणजे लिनक्समधल्या नेहमीच्या सी लायब्ररीचा, भाग ठेवा, घोडं तिथेच अडतं.

झालं असं की एका संस्थेत मला मुलांना सी आणि सी प्लस प्लस शिकवायचं होतं. तिथलं मशीन जुनं, त्यावर लिनक्सही जुनं म्हणजे सेंटओएस ७, इंटरनेट नाही, आणि रूटचा, म्हणजे सर्वाधिकाराचा, पासवर्ड मिळणार नाही हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलेलं. कंपायलर नव्हताच. म्हटलं काय त्यात, घरी जीसीसी हा फुकट मिळणारा कंपायलर त्याच्या सोर्स कोडवरून बांधते, सगळ्याचा एक टारबॉल म्हणजे एकच गठ्ठा फाईल करते, तिथे होम फोल्डरमध्ये उघडते, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर तसं.

आता आधी एक गोष्ट, जी त्या लेखात नव्हती. आपण ज्याला कंपायलर म्हणतो तो एकटा नसतो. जीसीसी हा कमांड म्हणजे नुसता मुकादम, तो सीसी१ नावाच्या प्रोग्रॅमला हाक मारतो, सीसी१ तुमच्या सी कोडचं असेम्ब्ली म्हणजे प्रोसेसरच्या सूचनांचं टिपण करतो, मग त्याचा मशीन कोड करणारा असेम्ब्लर येतो, मग तुकडे जोडून प्रोग्रॅम करणारा लिंकर, शिवाय फंक्शनांची ओळख देणाऱ्या हेडर फाईली, तयार फंक्शनांची सी लायब्ररी आणि प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या सीआरटी१ डॉट ओ सारख्या बारक्या फाईली. या सगळ्या वऱ्हाडाला टूलचेन म्हणतात आणि यातला एक जरी मागे राहिला तरी लग्न लागत नाही.

पहिला शनिवार. अल्पाइन लिनक्सचा कंटेनर (एका लिनक्सच्या पोटात दुसऱ्या लिनक्सच्या फाईली घेऊन चालणारी बंदिस्त जागा) हलका म्हणून त्यात जीसीसी बांधला, पेन ड्राइव्हवर नेला, तिथे उघडला, कमांड दिली आणि उत्तर आलं, नो सच फाईल ऑर डिरेक्टरी. एलएस मारलं तर फाईल डोळ्यासमोर! परवानग्या बघितल्या, बरोबर. फाईल कमांडने बघितलं, ६४ बिटची एल्फ, म्हणजे लिनक्सच्या प्रोग्रॅमच्या साच्यातली, फाईल, तीही बरोबर. शेजारी एक मुलगा उभा होता तो म्हणाला मॅडम फाईल तर आहे की, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. अर्ध्या तासाने ट्यूब पेटली. डायनॅमिक, म्हणजे चालताना लायब्रऱ्या जोडून घेणाऱ्या, प्रोग्रॅमच्या पोटात एक पत्ता लिहिलेला असतो, की मला सुरू करायला अमुक लोडर बोलवा. अल्पाइनमध्ये सी लायब्ररी मसल आहे, ग्लिबसी नाही, त्यामुळे पोटातला पत्ता मसलच्या लोडरचा, आणि सेंटओएसवर तो लोडर कुठून असणार. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, लोडर सापडत नाही, तो म्हणतो फाईल नाही, आणि आपल्याला वाटतं आपलीच फाईल नाही म्हणतोय. या एका मेसेजने जगात किती लोकांची संध्याकाळ खाल्ली असेल देव जाणे. रीडएल्फ, म्हणजे फाईलच्या पोटातलं दाखवणारं कमांड, मारलं असतं तर पहिल्याच पानावर दिसलं असतं, पण तेव्हा सुचलं नाही.

दुसरा शनिवार. बरं, म्हटलं ग्लिबसीवाल्या मशीनवर बांधू, माझ्या लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ होतं, त्यात ग्लिबसी २.३५. रात्रभर मेक हा बांधकाम करणारा कमांड चालवून ठेवलं, सकाळी तयार. तिथे नेलं, यावेळी लोडर सापडला, पण पुढे माशी शिंकली, ग्लिबसी २.३४ नॉट फाउंड. तिथे होती २.१७. आता इथे नीट लक्ष द्या कारण लोकांना वाटतं की आपण काही नवीन फंक्शन वापरलं म्हणून ही एरर येते. तसं नाही. ग्लिबसीत प्रत्येक फंक्शनला व्हर्जनची चिठ्ठी लावलेली असते, आणि लिंकर बांधताना त्या मशीनवरची ताजी चिठ्ठी उचलतो. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या २.३४ मध्ये त्यांनी मेन (सी प्रोग्रॅम जिथून सुरू होतो ते फंक्शन) सुरू करणाऱ्या फंक्शनलाच नवी चिठ्ठी लावली. म्हणजे तुमच्या प्रोग्रॅममध्ये मेनच्या आत एक ओळ नसली तरी नव्या मशीनवर बांधलेला तो रिकामा प्रोग्रॅम जुन्या मशीनवर सुरूच होणार नाही. उलट बाजूने मात्र चालतं, जुन्यावर बांधलेलं नव्यावर बिनतक्रार चालतं, कारण जुन्या चिठ्ठ्या ग्लिबसीवाले फेकून देत नाहीत. म्हणून नियम एकच, जिथे चालवायचंय त्यातलं जे सगळ्यात जुनं मशीन असेल तेवढ्याच जुन्या ग्लिबसीवर बांधायचं. पायथनची जी तयार पॅकेजेस सगळीकडे चालतात त्यांचंही गुपित हेच, मॅनीलिनक्स२०१४ नावाचा जो ठराव आहे तो सेंटओएस ७ आणि ग्लिबसी २.१७ धरूनच केलेला आहे.

तर तिसरा शनिवार, सेंटओएस ७ चा कंटेनर. त्यातला स्वतःचा जीसीसी ४.८.५, त्याने जीसीसी १३ बांधायचा. हे जमतं, कारण जीसीसी ११ पासून बांधायला सी प्लस प्लस ११ येणारा कंपायलर लागतो आणि ४.८ ला तेवढं येतं. (जीसीसी १५ ला सी प्लस प्लस १४ लागतं, म्हणजे ४.८ वरून थेट उडी नाही, मधे एक पायरी.) आणि नुसतं एकदा बांधून भागत नाही. जुन्या कंपायलरने नवा बांधायचा, त्या नव्याने परत स्वतःलाच बांधायचं, आणि त्या दुसऱ्याने तिसऱ्यांदा, मग दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेच्या ऑब्जेक्ट फाईली बाइट न बाइट जुळवून बघायच्या. जुळल्या नाहीत तर कुठेतरी गडबड आहे. माझ्या चार कोअरच्या लॅपटॉपवर याला अख्खी दुपार लागली, पंखा असा ओरडत होता की घरातले विचारून गेले काय चाललंय. फाईली जुळल्या. मी खूश.

तिथे नेलं. जीसीसी सुरू झाला, व्हर्जन सांगितलं, मुलांनी टाळ्या वाजवल्या, पहिला प्रोग्रॅम सीसी१ मधून असेम्ब्लीपर्यंत नीट गेला, दुसराही गेला आणि तिसऱ्यावर इललीगल इन्स्ट्रक्शन म्हणून सीसी१ आडवा. परत चालवला, परत तिथेच. हे मला सगळ्यात जास्त लागलं कारण आता लोडर बरोबर, ग्लिबसी बरोबर, मग राहिलं काय? राहिला प्रोसेसर. जीसीसीला आकडेमोडीसाठी जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी या तीन लायब्रऱ्या लागतात, आणि जीएमपी बांधताना ती समोरचा प्रोसेसर ओळखून त्याच्याच खास इन्स्ट्रक्शन वापरते, वेगासाठी. कंटेनर जुना असला तरी आतला प्रोसेसर माझ्याच लॅपटॉपचा, हे डोक्यातच आलं नाही! कंटेनर फाईली जुन्या देतो, सिलिकॉन नाही. संस्थेतला प्रोसेसर २०१३ च्या आधीचा, त्याला एमयूएलएक्स वगैरे नव्या इन्स्ट्रक्शन माहीतच नाहीत, त्यामुळे जीएमपीचं ते फंक्शन लागेपर्यंत सगळं गोड आणि लागलं की संपलं. उपाय अगदी छोटा, जीएमपी कॉन्फिगर करताना, म्हणजे बांधण्याआधी तिला मशीनची माहिती देताना, होस्ट म्हणून नन-लिनक्स-जीएनयू द्यायचं म्हणजे ती सर्वसाधारण कोड बनवते, किंवा तिन्ही लायब्रऱ्यांचा सोर्स जीसीसीच्याच फोल्डरमध्ये टाकायचा, मग जीसीसी स्वतःच जीएमपीला आवरतं घेतो. मी वेगळी बांधली होती, शहाणपणा करायला गेले. आणि कोणी मार्च-नेटिव्ह हा समोरच्याच प्रोसेसरसाठी कोड बनवायला सांगणारा फ्लॅग लावून टूलचेन बांधत असेल तर त्यानेही हेच भोगायचंय.

चौथ्या वेळी सीसी१ टिकला, आणि पुढची पायरी, लिंकर म्हणाला सीआरटी१ डॉट ओ सापडत नाही. त्याआधी स्टडीआयओ डॉट एचलाही असाच अडला होता, त्या हेडर मी कशाबशा हाताने नेल्या होत्या. कारण संस्थेच्या मशीनवर प्रोग्रॅम चालवायची ग्लिबसी होती, प्रोग्रॅम बांधायची नव्हती, ते पॅकेज वेगळं असतं. म्हणजे सी लायब्ररीच्या हेडर, कर्नलच्या हेडर, सीआरटीच्या फाईली सगळं एका फोल्डरात घेऊन जायला हवं, त्याला सिसरूट म्हणतात. जीसीसीत एक सोय फार छान आहे, सिसरूट जर इन्स्टॉलच्या फोल्डरच्या आतच ठेवला तर अख्खं झाड कुठेही हलवलं तरी तो स्वतःच्या जागेवरून अंदाज घेऊन सिसरूट शोधतो, सीसी१लासुद्धा तसाच शोधतो. बाहेर ठेवला तर पत्ता पक्का बसतो आणि मग तुम्ही आणि तुमचं नशीब. एक गंमत म्हणजे लिबसी डॉट एसओ ही फाईल एडिटरमध्ये उघडून बघा, मोठी बायनरी असेल असं वाटतं, आणि निघतो चार ओळींचा मजकूर, ज्यात खऱ्या लायब्ररीचे पूर्ण पत्ते लिहिलेत. ही फाईल सिसरूटच्या आत असली तर लिंकर ते पत्ते सिसरूटच्या हिशोबाने वाचतो, बाहेर असली तर तो मशीनच्या मुळापासून शोधायला जातो. मी नुसती ही फाईल उघडून तासभर बसले होते.

सी प्लस प्लसचं अजून वेगळंच. प्रोग्रॅम बांधला गेला, चालवला तर म्हणे जीएलआयबीसीएक्सएक्सचं अमुक व्हर्जन नाही, कारण तिथली लिबस्टडीसी प्लस प्लस, म्हणजे सी प्लस प्लसची लायब्ररी, ३.४.१९ च्या चिठ्ठीपर्यंतचीच होती आणि नवा कंपायलर पुढचं मागतो. मुलांना सांगितलं की लिंक करताना स्टॅटिक-लिबस्टडीसी प्लस प्लस आणि स्टॅटिक-लिबजीसीसी हे दोन फ्लॅग लावा, म्हणजे त्या लायब्रऱ्या प्रोग्रॅमच्या पोटातच बसतात. ते मेकफाईलमध्ये टाकून दिले आणि विषय संपवला.

कोणी म्हणेल एवढा खटाटोप कशाला, सगळी टूलचेनच मसलवर स्टॅटिक, म्हणजे लायब्ररी पोटातच घेऊन, बांधायची, लोडर नको, ग्लिबसी नको. बरोबर आहे, एकाच जातीच्या प्रोसेसरवर ती कुठेही चालते आणि घाईत असाल तर मीही तेच सुचवेन. फक्त स्टॅटिक लिंकरला प्लगइन लोड करता येत नाही, म्हणजे लिंकच्या वेळचं ऑप्टिमायझेशन (अख्खा प्रोग्रॅम एकत्र बघून वेग वाढवणं) लंगडं पडतं. मुलांना ते लागणार नव्हतं हे खरं, पण तोवर मी हट्टाला पेटले होते. आणि क्लँग हा दुसरा फुकट कंपायलर का नाही असंही कोणी विचारेल. क्लँगला टार्गेट सांगितलं की तो एकाच बायनरीतून अनेक प्रोसेसरसाठी कोड देतो, जीसीसीत प्रत्येक टार्गेटला वेगळा बांधावा लागतो, तिथे क्लँग सरस आहे. पण सिसरूट त्यालाही लागतोच, हेडर काय आकाशातून पडत नाहीत.

संपादकसाहेब, माझी तक्रार लेखकावर नाही. तक्रार ही आहे की मराठीत कंपायलरवर लिहिताना मशीन एकच आहे असं धरून लिहिलं जातं. असतात तीन. ज्यावर कंपायलर बांधला ते बिल्ड, ज्यावर तो चालणार ते होस्ट, आणि तो ज्याच्यासाठी कोड बनवणार ते टार्गेट. तिन्ही एकच असलं तर काही कळतच नाही, सगळं आपोआप होतं. टार्गेट वेगळं झालं की त्याला क्रॉस कंपायलर म्हणायचं, आणि तिन्ही वेगळी झाली की कॅनेडियन क्रॉस. हे नाव का, तर ते पडलं तेव्हा कॅनडात राष्ट्रीय पातळीवरचे तीन पक्ष होते म्हणून, प्रोग्रॅमर लोकांचे विनोद हे असे. पण ही तीन नावं माहीत असती तर माझे निम्मे शनिवार वाचले असते, कारण मी सारखी बिल्ड आणि होस्ट एकच समजत होते. दोन्हीकडे एक्स८६, दोन्हीकडे लिनक्स, मग वेगळं काय! बांधण्याआधी मशीन तपासणाऱ्या कॉन्फिगर स्क्रिप्टलाही तसंच वाटतं, ती छोटे प्रोग्रॅम चालवून बघते आणि माझ्या मशीनची उत्तरं त्या मशीनला लावते. त्यावर जुनी युक्ती अशी की मशीनच्या नावातला मधला शब्द, कंपनीचा असतो तो, काहीतरी भलताच टाकायचा, मग कॉन्फिगरला वाटतं हे परकं मशीन आहे आणि ती गुपचूप क्रॉसच्या मार्गाने जाते. पुढच्या लेखात निदान ही तीन मशीनं एका चौकटीत छापा, चित्र काढून दिलंत तर आणखी बरं.

मुलांचं सध्या चाललंय. टारबॉल होम फोल्डरमध्ये उघडलाय, पाथमध्ये एक ओळ टाकलीय, फोल्डरच्या नावात स्पेस ठेवू नका एवढंच बजावलंय कारण मेकला स्पेस चालत नाही. आता परवा संस्थेत एआरएम प्रोसेसरचा एक छोटा बोर्ड आणलाय आणि मुलांना त्याच जुन्या मशीनवरून त्याच्यासाठी प्रोग्रॅम बांधायचेत, म्हणजे माझं टार्गेटही बदललं. आधी बिनयुटिल्स, म्हणजे असेम्ब्लर आणि लिंकरचा संच, मग कर्नलच्या हेडर, मग सी लायब्ररी नसलेला अर्धाच जीसीसी, त्याने सी लायब्ररी, आणि त्या लायब्ररीवर परत पूर्ण जीसीसी, कोंबडी आणि अंडं दोन्ही आपणच उबवायचं. बिनयुटिल्स काल रात्री बांधून झालंय. यावेळी रीडएल्फ आधी मारलंय.

आपली,
एक नियमित वाचक