खाणीचा पैसा येतो तेव्हाच विचारा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

खाणी निघाल्या की देश श्रीमंत झाला असं आपल्याकडं लोक सरसकट बोलतात, म्हणून हे पत्र. आमचं घर पॉवरलूमवर चाललेलं. सुताचा भाव कुणीतरी लांब बसून ठरवतो आणि महिन्याचं गणित आमचं बिघडतं, हे लहानपणापासून बघतोय, त्यामुळं आफ्रिकेतल्या झांबियाबद्दल वाचताना ते परकं वाटलंच नाही. तिथल्या निर्यातीत जवळजवळ ७० टक्के वाटा एकट्या तांब्याचा आणि भाव ठरतो लंडनच्या मेटल एक्स्चेंजवर. २०११ च्या सुरुवातीला टनाला १० हजार डॉलरच्या आसपास भाव होता, सगळे खुश, मग २०१२ मध्ये सरकारनं ७५ कोटी डॉलरचे बाँड, म्हणजे कर्जरोखे, काढले, पुढं आणखी काढले, आणि २०१६ उजाडलं तेव्हा भाव ५ हजारांच्याही खाली. कर्ज मात्र डॉलरमध्येच फेडायचं. नोव्हेंबर २०२० मध्ये हप्ता थकला.

दुसरी गोष्ट कुणी बोलत नाही. खनिजाचे डॉलर धो-धो यायला लागले की त्या देशाचं चलन महागतं, मग शेतमाल, कापड बाहेर विकणाऱ्याला परवडत नाही. रुपया असा वधारला तर आपल्या टॉवेलवाल्यांचं काय होईल बघा! शिवाय मोठ्या मशिनी आल्या की खाणीत माणसं लागतात किती?

आफ्रिकेतलाच बोट्स्वाना १९६६ ला स्वतंत्र झाला तेव्हा अगदी गरीब होता, पुढच्याच वर्षी तिथल्या ओरापाला हिरे सापडले. त्यांनी शाळा, रस्ते केले, १९९४ मध्ये पुला फंड काढून पैसा बाजूला टाकला. तरी आता लॅबमध्ये बनवलेल्या हिऱ्यांनी त्यांचंही कंबरडं मोडायला आणलंय, कारण हिऱ्याशिवाय मोठं दुसरं काही उभंच राहिलं नाही.

सोलापुरात जुनी मिल गेली, लक्ष्मी-विष्णू गेली, घरंच्या घरं बसली, ते दुःख मोठंच होतं. पण विणायचं कसब लोकांच्या हातात होतं म्हणून पूर्व भागात माग चालू राहिले. खड्डा रिकामा झाला की खाणीच्या गावात काय उरतं?

हे लांबचं नाही. गडचिरोलीत सुरजागडचं लोखंड निघतंय. खाणवाल्यांनी जिल्हा खनिज प्रतिष्ठानात, म्हणजे खाणीची झळ बसलेल्या गावांसाठीच्या निधीत, पैसे भरायचे असा २०१५ पासून कायदा आहे. तो पैसा तिथल्या कुठल्या गावात, कशावर गेला, याचा हिशोब आपण दरवर्षी पेपरात छापावा ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, सोलापूर