मजा हिशोबात धरणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावून सांगितलंत, म्हणून लिहीत नाही. इंदूरच्या मल्हारगंजात जुनी गॅरेजं पुष्कळ आहेत. तुमच्या हातून ज्यांच्या गाड्या गेल्या आहेत, ते दोन ओळींत ओळखतील. जुनी गाडी निवडून द्यायचं तुमचं काम फोनवर ‘थँक्यू काका’ म्हणून फिटावं एवढं लहान नाही, आणि तुम्ही जे शिकवलंत ते आणखी चार जणांच्या उपयोगी पडावं असं वाटतं. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

आईला राजापूर तालुक्यातल्या तिच्या आजोळी न्यायचं होतं. रेल्वेनं जायचं नव्हतं, आणि तासाला घड्याळ बघणाऱ्या टॅक्सीनंही नाही. वाटेत महेश्वरच्या घाटावर बसायचं, चांदवडला अहिल्याबाईंचा रंगमहाल बघायचा, जेजुरीला खंडोबाचं दर्शन घ्यायचं आणि मग कोकणात उतरायचं, असा तिचा बेत. इंदूरहून एका बाजूचे नऊशे-साडेनऊशे किलोमीटर. गाडी मी चालवणार. हातात अडीच लाख रुपये, त्यातच सगळं बसवायचं. आणि माझी एक अट होती: चालवायला मजा आली पाहिजे.

ही अट ऐकून घरातले, ऑफिसातले, गाडीबाजारातले, सगळे हसले. अडीच लाखांत मजा? चालली तरी नशीब म्हणा! तुम्ही हसला नाहीत. हातातला पाना बाजूला ठेवून तुम्ही विचारलंत, “घाटात तुला ट्रकच्या मागे राहायला आवडतं की पुढे जायला?” मग, “आईंचे गुडघे कसे आहेत?” मग, “सामान किती?” गाडीचं नाव तोवर तुमच्या तोंडी आलंच नव्हतं. आणि मग तुम्ही जे म्हणालात ते मी त्यानंतर किती जणांना ऐकवलं असेल: “बेटा, जी गाडी चालवताना कंटाळा येतो, त्या गाडीत झोप येते. लांबच्या रस्त्याला मजा ही सेफ्टीतच धरायची.”

त्या दिवसापासून तुम्ही माझ्यासाठी आपले रविवार खर्च केलेत, त्याचे आधी आभार. तुमच्या सुट्टीचा तो एकच दिवस. काकू दर वेळी जेवायला थांबल्या, त्यांचेही आभार.

किती गाड्यांना तुम्ही ‘नको’ म्हणालात! बाजारात आम्हाला सगळ्यात आधी दाखवली जायची ती मोठी सेडान, चामड्याची सीटं, दहा वर्षं जुनी, भाव मात्र छोट्या गाडीचा. तुम्ही दारसुद्धा उघडलं नाहीत. “हिचा एक सेन्सर सेंधव्यात गेला तर तो कुठून आणणार?” फोर्डची फिगो तुम्हाला स्वतःला फार आवडते, तिच्या स्टिअरिंगची तारीफ करताना तुमचा चेहरा खुलला होता. पण फोर्डनं 2021 मध्ये भारतातल्या विक्रीसाठी गाड्या बनवणं थांबवलं. शहरात पार्ट मिळतीलही, पण राजापूरकडे पाचल-ओणीच्या बाजूला बंद पडली तर वाट बघत बसायची पाळी येईल, हा तुमचा मुद्दा. होंडा ब्रियोवर माझा जीव जडला होता. 1.2 चं इंजिन, हलकी गाडी, पळायला हुशार. तुम्ही तिची डिकी उघडून आईची बॅग आणि फराळाचे डबे कुठे राहतील ते हातानं दाखवलंत. राहत नव्हते. पुन्हा सीट एवढी खाली की आईला उठताना दर वेळी कुणाचा तरी हात लागला असता.

मग 2013 ची मारुतीची रिट्झ. पेट्रोल, पहिलाच मालक, एमपी-09, म्हणजे इंदूरच्याच नोंदणीची. मी त्या गाडीकडे कधी दोनदा बघितलं नसतं. 2009 साली आली, सात-आठ वर्षांत बंद झाली, मागून थोडी विचित्र दिसते, म्हणून जुन्या बाजारात स्विफ्टपेक्षा स्वस्त. आणि तुम्ही म्हणालात, हेच आपल्याला पाहिजे. इंजिन स्विफ्टचंच, के-सिरीजचं 1197 सीसी. त्यामुळे पार्ट गल्लीबोळात मिळतात. टायमिंगला बेल्ट नाही, चेन आहे, म्हणजे ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलायचा खर्च नाही. छत उंच, सीट उंच, आई खुर्चीत बसावं तशी सरळ बसते. गिअरचा दांडा खाली नसून डॅशबोर्डवर, स्टिअरिंगच्या हाताशी. “घाटात हा दांडा तुला आवडेल,” एवढंच म्हणून तुम्ही बोनेट उघडलंत.

ती तपासणी मी जन्मात विसरणार नाही. विकणाऱ्याला तुम्ही आदल्या रात्री सांगून ठेवलं होतं की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. गेल्या गेल्या तुम्ही बोनेटवर हात ठेवलात. थंड होतं. मगच पुढची गोष्ट. तुम्ही मला सायलेन्सरमागे उभं केलंत आणि रंग सांगायला लावलात: निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, पांढरा धूर इंजिन तापल्यावरही येत राहिला तर कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, आत जातंय. इथे काहीच नव्हतं. ऑइलचं झाकण काढून उलटं केलंत. आत मलईसारखा थर असता तर ऑइलमध्ये पाणी मिसळतंय असं समजायचं आणि नमस्कार करून निघायचं. झाकण स्वच्छ होतं.

मग तुम्ही मागच्या सीटवर जाऊन बसलात आणि सीटबेल्ट ओढायला लागलात. ओढत ओढत अगदी शेवटपर्यंत, जिथपर्यंत कुणी कधी ओढत नाही. मला कळेना. तुम्ही पट्ट्याचं शेवटचं टोक उजेडात धरून दाखवलंत. गाडी पुरात बुडालेली असली तर आत-बाहेर सगळं धुऊन पुसून, अत्तर मारून विकतात, पण पट्ट्याच्या या टोकावर चिखलाची रेघ बहुधा राहते. आपल्या पट्ट्यावर रेघ नव्हती. मग डिकीतला गालिचा उचलून, स्टेपनी काढून तिच्या खळग्यात टॉर्च मारलीत. गंज नाही, वेल्डिंग नाही. सगळ्या काचांवरचे छाप एकमेकांशी ताडून बघितलेत. बोनेटच्या बिजागरीच्या बोल्टवर नखानं रंग तपासलात, कारण ठोकलेल्या गाडीचे बोल्ट कधी ना कधी पान्यानं खोललेले असतात आणि तिथला रंग उडतो. डाव्या मागच्या दाराला रंग नंतर दिलेला आहे हे तुम्ही तीन हात लांबून सांगितलंत. विकणाऱ्यानं मान्य केलं, पार्किंगमध्ये घासली होती. “हे चालतं,” तुम्ही मला म्हणालात, “पत्रा खर्चाचा विषय आहे, चेसिस जिवाचा.”

मीटर बासष्ट हजार दाखवत होता. तुम्ही मीटरकडे बघितलंच नाहीत. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर बघितलंत, स्टिअरिंग कुठे गुळगुळीत झालंय ते बघितलंत, आणि मग सर्व्हिसची बिलं मागून आकडे जुळवलेत. जुळले. शेवटी हँडब्रेक ओढून, तिसरा गिअर टाकून क्लच सोडलात. इंजिन गुरगुरून जागच्या जागी बंद पडलं. ते चालूच राहिलं असतं तर क्लचप्लेट घसरते असा अर्थ, हे त्या दिवशी मला कळलं.

सौदा दोन लाखांवर तुटला. माझ्या मते आणखी पाच हजार सुटले असते, पण तुम्ही नाही म्हणालात. गाडी नेकीनं सांभाळणाऱ्या माणसाची फार ओढाताण करायची नाही, हे तुमचं मत मला तिथेही पटलं आणि आजही पटतं.

उरलेले पन्नास हजार मी सीटकव्हर आणि म्युझिक सिस्टिमवर घालवणार होते. तुम्ही त्यांना ‘गाडीच्या पोटातले पैसे’ असं नाव देऊन टाकलंत. टायरच्या कडेवरचे चार आकडे मला वाचायला शिकवलेत: 1618 म्हणजे 2018 सालचा सोळावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक होती, पण रबर कडक झालं होतं, म्हणून चारही टायर नवे. पुढच्या चाकांच्या लोअर आर्मचे रबरी बुश, वायपर, कुलंट, इंजिन ऑइल, सगळे फिल्टर. हल्ली पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल असतं आणि ही गाडी त्याच्या आधीच्या काळातली, म्हणून पेट्रोलच्या रबरी नळ्या बोटांनी दाबून बघितल्यात आणि एक बदललीत. आणि ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा शोषतं, जुनं झालं की लांब उतारावर तापून उकळतं आणि पेडल आत जातं. ब्रेक लागत असताना ऑइल कशाला बदलायचं, असं मला कुणी विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर नसतं. तुमच्याकडे होतं: “मानपूरच्या पुढे काय आहे, माहितीये ना?”

कागदांचं थोडक्यात सांगते. मालकी बदलायचे फॉर्म 29 आणि 30, जुन्या कर्जाचा बोजा उतरल्याचा फॉर्म 35, विमा चौदा दिवसांत नावावर, आधीच्या मालकाचा फास्टॅग बंद करून आपला नवा, आणि एमपरिवहन अॅपवर चलानं बाकी नाहीत याची खात्री. आरसीची, म्हणजे नोंदणीची, पंधरा वर्षं 2028 मध्ये पूर्ण होतात, तेव्हा नूतनीकरण करावं लागेल, हेही तुम्ही आताच सांगून ठेवलंत.

आणि मग रस्ता! काका, त्याचं वर्णन तुम्हाला समोर बसून केलंच आहे, पण इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही. मानपूरच्या पुढच्या गणेश घाटात ट्रकांचे ब्रेक फेल झाल्याच्या बातम्या आपण इंदूरकर किती वर्षं वाचत आलो आहोत. तिथे मी तुमचं ऐकलं: ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर. तिसऱ्यात गाडी आपोआप धरून राहिली, ब्रेकला पाय टेकवून टेकवून उचलायचा, बस. धामनोदला वळून महेश्वर, मग खलघाटचा नर्मदेचा पूल, सेंधवा, बिजासन घाट, आणि शिरपूरच्या पुढे तापी. चांदवडला रंगमहालात आई मला खांबांवरचं काम दाखवत हिंडली. पायऱ्या चढून तिचे गुडघे दुखले, पण गाडीत चढताना-उतरताना तिनं एकदाही माझा हात मागितला नाही.

जेजुरीहून नीरा, लोणंद, सातारा, कराड, मलकापूर. आंबा घाट उतरताना धुकं होतं, त्यामुळे हळूच गेलो. खरी मजा परतीला आली. साखरप्याहून वर चढताना रस्ता मोकळा होता, ऊन स्वच्छ होतं. तुम्ही सांगितलं होतंत की हे इंजिन कमी आरपीएमला झोपतं, त्याला फिरवायला घाबरू नकोस, ताकद वरच्या आरपीएमला आहे. वळणाच्या आधी दुसरा, वळणातून बाहेर पडताना पाय दाबायचा, इंजिनाचा सूर चढतो, आणि हात स्टिअरिंगवरून वीतभर सरकवला की तिसरा पडतो. हलकी, हजार किलोची गाडी, नवे टायर, रस्ता हाताला कळत होता. मी मोठ्यानं हसत होते. आई म्हणाली, “अगं, जरा हळू,” आणि पुढच्याच वळणाला म्हणाली, “त्या ट्रकच्या पुढे काढ की.” काकांनी मजा हिशोबात धरली होती ती ही!

संपूर्ण प्रवासात गाडीनं काही मागितलं नाही. लिटरला सतरा-अठराचं अॅव्हरेज, घाटात थोडं कमी.

तुम्ही या सगळ्याचा एक रुपया घेतला नाहीत. विकणाऱ्यानं दलाली म्हणून पुढे केलेले पैसेही तुम्ही माझ्यादेखत परत केलेत आणि गाडीच्या किमतीतून वळते करायला सांगितलेत. जो माणूस खरेदीदाराबरोबर येतो त्यानं विकणाऱ्याकडून घ्यायचं नसतं, एवढंच बोललात. माझे बाबा गेल्यापासून अशा व्यवहारात माझ्या बाजूनं कुणी उभं राहिलं असं झालं नव्हतं. आईनं हे मुद्दाम लिहायला सांगितलं आहे.

एक विनंती आहे. पुढच्या शनिवारी गाडी ऑइल बदलायला आणते आहे, आणि उजव्या पुढच्या चाकाकडून खड्ड्यात बारीकसा आवाज येतो तोही बघायचा आहे. या वेळी मजुरी पूर्ण घ्यायची, काका. आईनं राजापूरहून काकूंसाठी कोकमं आणि फणसपोळी आणली आहे, ती वेगळी.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपली,
लोकमान्य नगरातली रिट्झवाली