मिस्त्रीकाका, झाकणातली फट बरोबर निघाली

आदरणीय मिस्त्रीकाका,

सा. न. वि. वि.

तुम्ही फोनवर काही वाचत नाही, हे मला माहीत आहे. नातवाला सांगून ठेवलंय, दुपारच्या चहाला तो हे वाचून दाखवेल. मी पेढे घेऊन आले होते, तेव्हा तुम्ही "बरं झालं, ठेवा तिकडं" म्हणून पुन्हा रंध्याला हात घातलात आणि माझं अर्धं बोलणं मनातच राहिलं. ते आता सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुम्ही माझ्यासाठी काय केलंत, ते चार माणसांना कळायला हवं.

अण्णा सातपूरच्या एमआयडीसीत टूलरूम फिटर होते, ३४ वर्षं. त्यांची स्वतःची हत्यारं अजून आहेत: शून्य ते पंचवीसचा मायक्रोमीटर, वर्नियर, चार इंची गुण्या, स्क्रायबर, सेंटर पंच आणि फटी मोजायच्या पातळ पट्ट्यांचा फीलर गेज. हे सगळं इतकी वर्षं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, तेल लावलेल्या जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं असायचं. आम्ही लहान असताना त्या डब्याला हात लावायची टाप नव्हती. १८ मेला त्यांना पंच्याहत्तर पूर्ण होणार होती. या हत्यारांसाठी एक पेटी करायची, माझ्या हाताने करायची आणि अमृतमहोत्सवाच्या दिवशी त्यांच्यापुढे ठेवायची, असं मी ठरवलं होतं.

सागवान हाताशी असताना मी पडाऊक का घेतलं, हे तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलंत. खरं कारण रंग. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे आफ्रिकन पडाऊकाचा ताजा कापलेला तुकडा पाहिला होता. ओल्या गेरूवर ऊन पडावं तसा तो तांबडा-केशरी दिसत होता. तीन फूट लांब, आठ इंच रुंद, इंचभर जाड फळी मागवली. ती आली भर पावसात. व्यापारी म्हणाला होता, पूर्ण वाळलेली आहे, आणि मी ते धरून चालले. आरा गिरणीत तिच्या दोन पातळ फळ्या करून घेतल्या, दर रविवारी गॅलरीत बसून काम केलं आणि श्रावणात पेटी उभी राहिली. झाकणाची मधली फळी चौकटीत बसवताना चारी बाजूंनी फेव्हिकॉल भरला. जितका जास्त तितकं पक्कं, असा माझा समज होता.

पौषात, त्या कडाक्याच्या थंडीत, एका सकाळी कपाट उघडलं तर झाकण मधोमध फाटलेलं. नखाचं टोक आत जाईल एवढी फट, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी तिथेच खाली बसले.

एका फर्निचरच्या दुकानात म्हणाले, "भुसा आणि फेव्हिकॉल भरा, वरून पॉलिश मारा, कुणाला कळतंय?" दुसऱ्या ठिकाणी एवढ्याशा कामाला हातच लावायला तयार नव्हते. बिजागऱ्या बघायला भांडी बाजारात गेले होते, तिथे एका दुकानदाराने तुमचं नाव सांगितलं. जुन्या नाशकातल्या त्या बोळात मी दोनदा वाट चुकले. शेवटी रंध्याच्या आवाजावरून तुमचं दुकान सापडलं.

तुम्ही झाकण हातात घेऊन उलटं केलंत, कडेवरून अंगठा फिरवलात आणि विचारलंत, "ताई, चारी बाजूंनी चिकटवलंय ना?" माझा चेहरा पाहून पुढे म्हणालात, "फळी आडवी कोंडली की ती फाटणारच. तिचा काय दोष?"

मग समजावून सांगितलंत. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत हलतं. पावसाळ्यात फुगतं, थंडी-उन्हाळ्यात आक्रसतं. पेटीच्या चार बाजू शाबूत राहिल्या, कारण त्यांच्या रेषा एकाच दिशेने पेटीभोवती फिरतात, त्यामुळे त्या चारी एकत्र फुगतात आणि एकत्र आक्रसतात. झाकणाच्या फळीला मात्र मी चौकटीत डांबून ठेवलं होतं. घरी जाऊन मी आकडेही शोधले. पडाऊक तसं शांत लाकूड, तरी ओलं असताना कापलेली फळी पूर्ण वाळेपर्यंत रेषेला आडवी, सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास आक्रसू शकते. माझी फळी साडेसहा इंच रुंद होती. श्रावण ते पौष एवढ्यात तिला अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग तरी हलायचं होतं आणि मी तिला केसभरही जागा ठेवली नव्हती.

उरलेली फळी मी प्लास्टिकमध्येच गुंडाळून ठेवली होती. ते प्लास्टिक तुम्ही आधी टराटरा फाडलंत. फळी माळ्यावर, उन्हापासून दूर, खालून-वरून पट्ट्या देऊन ठेवलीत आणि म्हणालात, दर रविवारी या, हिला शेजारच्या किराण्याच्या काट्यावर घेऊन जा. पहिल्या रविवारी १ किलो ८६० ग्रॅम भरली. मग १८३०, १८००, १७८०. पाचव्या रविवारीही १७८० भरली, तेव्हा तुम्ही फळीला टिचकी मारून आवाज ऐकलात आणि म्हणालात, "आता नाशिकची झाली." किराणावाल्यालाही एव्हाना पाठ झालं होतं, मी दारात दिसले की तो काटा पुसून ठेवायचा.

त्या पाच रविवारांत मी जे शिकले, ते कुठल्या व्हिडिओत मिळालं नव्हतं.

तुम्ही आधी पावती मागितलीत. मला वाटलं, किंमत बघायची असेल. तुम्ही म्हणालात, "परदेशी लाकूड, कागद नसेल तर मी रंधा लावत नाही." नंतर मी माहिती काढली. आफ्रिकेतल्या पडाऊकाच्या जाती नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामाच्या साइट्स परिषदेत (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या बैठकीत) परिशिष्ट दोनमध्ये घेतल्या गेल्या, म्हणजे देशाबाहेर पाठवताना परवाना लागतो. माझ्याकडे पावती होती हे बरं झालं. पण फळी घेताना मला हा प्रश्न सुचलाच नव्हता, आणि सुचायला हवा होता. तुम्हीच सांगितलंत, हे आपल्या बिबळ्याचं भावंड. पेठ-सुरगाण्याकडच्या जंगलात बिबळ्यावर घाव घातला की रक्तासारखा तांबडा डिंक येतो, तसाच रंग इथे लाकडात मुरलाय. मी आधी बिबळा पाहिला असता तर कदाचित पडाऊकाच्या मागे लागलेच नसते. पुढची पेटी बिबळ्याचीच करणार आहे.

तो स्पिरिटचा प्रसंग तर डोळ्यांपुढून जात नाही. मी चपडीचं, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचं पॉलिश घेऊन आले होते. तुम्ही काही न बोलता पडाऊकाच्या एका कपच्यावर स्पिरिटचा बोळा फिरवलात आणि बोळा माझ्या हातात दिलात. पांढरं फडकं कुंकवात बुडवल्यासारखं झालं होतं. "हे पेटीभर पसरलं असतं, तुमच्या बनातीवरसुद्धा," तुम्ही म्हणालात. मग बाहेरून उकळलेलं जवसाचं तेल, अगदी पातळ, दोन हात, आणि ते पुरतं वाळल्यावर वर मेण. आतून काहीच नाही, कारण बंद पेटीत तेलाचा वास कोंडतो आणि तो पोलादालाही चांगला नाही. तेलाची फडकी मी बोळा करून कोपऱ्यात टाकली, तेव्हा मात्र तुम्ही ओरडलात. जवसाच्या तेलाची फडकी ढिगात राहिली की आपोआप तापतात आणि पेट घेतात, म्हणून तुम्ही ती एकेक करून तारेवर पसरलीत. घरी गॅलरीत मी तेव्हापर्यंत काय काय करत होते, ते आठवून त्या रात्री मला झोप लागली नाही.

उलट्या नसेला रंधा लागून फळीच्या सालपट्या निघायला लागल्या, तेव्हा तुम्ही खिडकीच्या फुटक्या काचेचा तुकडा घेतलात आणि त्याच्या धारेने फळी खरवडून दाखवलीत. कांद्याच्या पापुद्र्यासारखी, केशरी, आरपार दिसणारी ढलपी निघाली. पुढचे दोन तास मी तेच केलं, नाकावर ओलं उपरणं बांधून, कारण पडाऊकाचा भुसा घशाला लागतो. तुम्ही समोर बसून राहिलात. एकदाही तुकडा माझ्या हातातून काढून घेतला नाहीत. तुम्ही ते काम दहा मिनिटांत उरकलं असतं, हे मला दिसत होतं. तरी तुम्ही बसून राहिलात. सगळ्यात जास्त आभार मला याचे मानायचे आहेत.

पेटीचा तळ तुम्ही दिलात. पाडलेल्या वाड्याच्या तुळईतला सागवानाचा तुकडा, त्यात जुन्या खिळ्याचं भोक आणि भोकाभोवती लोखंडाने पडलेला काळा डाग. मी तो भाग कापून टाकायला निघाले होते. तुम्ही म्हणालात, राहू द्या, लाकूड किती जुनं आहे ते त्यावरून कळतं. मग भोकात पडाऊकाची गोल खुंटी ठोकून घेतलीत. आज पेटी उघडून हत्यारं बाहेर काढली की त्या तळाला एक तांबडा ठिपका दिसतो. बिजागरीच्या पितळी स्क्रूंसाठी आधी लोखंडी स्क्रू फिरवून वाट करून घ्यायची, मग पितळी स्क्रू साबणावर घासून बसवायचा, हेही तुमचंच. पहिल्या वेळी मी तीन स्क्रू मोडले होते. या वेळी एकही मोडला नाही.

आणि मग झाकण. चौकटीला आतून खाच पाडली, फळीच्या कडा त्यात सरकवल्या आणि दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा सूत रिकामा सोडला. सरस फक्त आखूड बाजूंच्या मधोमध, थेंब थेंब. "उन्हाळ्यात बसवतोय ना, म्हणून जागा जास्त. पावसात लागेल तिला," तुम्ही म्हणालात. झाकणाच्या आतल्या बाजूला, चौकटीपासून थोड्या अंतरावर, तुम्ही टोकदार पेन्सिलने बारीक रेघ मारलीत. कशाला ते सांगितलं नाहीत.

१८ मेला अण्णांपुढे पेटी ठेवली. त्यांनी आधी रंग पाहिला नाही, लाकडाचं नाव विचारलं नाही. झाकण उघडलं, हिरव्या बनातीवर आपापल्या खाचेत बसलेली हत्यारं पाहिली आणि पहिल्यांदा मायक्रोमीटर उचलला. डोळ्यांजवळ नेला. मी तो ठेवताना दोन्ही तोंडं टेकवून बंद केली होती, नीटनेटका दिसावा म्हणून. अण्णांनी थिंबल, म्हणजे त्याची फिरवायची नळी, अर्धा फेरा मागे फिरवला, तोंडांमध्ये थोडी फट सोडली आणि परत ठेवला. म्हणाले, "हा कधी बंद करून ठेवायचा नाही. उन्हात पोलाद वाढतं, तोंडं एकमेकांवर दाबली जातात. जागा ठेवायची."

मिस्त्रीकाका, मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. झाकणाबद्दल नाही, अर्ध्या सुताबद्दल नाही. मला बोलताच येईना. मग सगळं सांगितलं, फाटलेल्या पहिल्या झाकणासकट. अण्णांनी ते फाटलेलं झाकण आणायला लावलं, फटीत फीलर गेज घालून बघितला आणि नव्या झाकणाची तुमची पेन्सिलची रेघ त्यांना लगेच दिसली. रेघ कशासाठी, हे त्यांना सांगावं लागलं नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी वर्नियर लावून रेघेपासून चौकटीपर्यंतचं अंतर मोजलं आणि डायरीत लिहिलं.

ते अंतर ते आता दर महिन्याला मोजतात. मेमध्ये ४.१० मिलिमीटर होतं. जूनअखेर ३.८६. जुलैअखेर, गोदावरीला पूर आला त्या आठवड्यात, ३.५४. फळी दर महिन्याला चौकटीकडे सरकते आहे, तुम्ही सोडलेल्या जागेत शिरते आहे, आणि सांधे जसेच्या तसे आहेत. तुम्ही सुतात बोलता, अण्णा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात बोलतात. त्यांच्या हिशेबाने एका सुतात असे तीनशे सतरा भाग बसतात. त्यांनी तुमच्या अर्ध्या सुताचा आकडा कागदावर मांडून पाहिला आणि कागद घडी करून पेटीतच ठेवला.

रंग हळूहळू उतरतो आहे. ओल्या गेरूचा आता जुन्या विटेकडे चाललाय. तुम्ही सांगितलं होतं तसंच. उन्हात ठेवत नाही, तरी तो तपकिरी होणार. आता मला त्याचं वाईट वाटत नाही.

तुम्ही माझ्याकडून सागाच्या तुकड्याचे आणि बनातीचे तेवढे पैसे घेतलेत. मजुरी काढली तर म्हणालात, "काम तुम्ही केलं, मी तर बसलो होतो." त्यावर मला काही बोलता आलं नाही आणि आजही येत नाही.

एक निरोप आहे. तुमचा तो लाकडी गुण्या, वडिलांनी करून दिलेला, जो तुम्ही मला हात लावू दिला होतात, त्याबद्दल मी अण्णांना सांगितलं. त्यांना तो बघायचा आहे. म्हणाले, इतक्या वर्षांत काटकोनातून थोडा सरकला असेल तर आपल्या गुण्याला लावून बघू, मिस्त्रींची हरकत नसेल तर. पेटी घेऊन येतील, ती स्वतः उघडून दाखवायची आहे त्यांना.

येत्या रविवारी सकाळी दहाला दुकान उघडं असेल ना?

आपली कृतज्ञ,
सातपूरच्या फिटरची मुलगी