खोली रिकामी करण्याआधी

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर विषय काढला की बाबा ‘बघू’ म्हणतात आणि फोन तुझ्याकडे देतात, म्हणून लिहितेय. आपली चाळ पाडून बिल्डर नवी इमारत बांधेपर्यंत तुम्हाला राहायला ठाण्याच्या घराचं डिपॉझिट भरलं. रागावू नका. मुलीच्या घरी राहायचं नाही हे मला पाठ आहे, म्हणून आमच्या शेजारच्या विंगमध्ये वेगळा ब्लॉक बघितलाय. करार बाबांच्याच नावावर. बिल्डर देतोय त्या भाड्यात करी रोड, चिंचपोकळीला काही मिळेना. मी खरंच सगळीकडे विचारलं.

पहिला मजला, लिफ्ट, संडास घरातच. आई, रात्री भिंत धरत गॅलरीच्या टोकापर्यंत जायला नको. देव्हारा पूर्वेला बसतो, मी टेप घेऊन मोजलं. मसाल्याचं म्हणशील तर मिरची आपल्या लालबागच्याच डंकावर कुटायची, मी स्वतः नेईन तुला. ठाण्याचा मसाला तुला चालायचा नाही, माहीत आहे.

बाबा, 82 च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा ‘होईल, दोन महिन्यांत भोंगा वाजेल’ म्हणत होतात. त्यानंतरची वर्षं आईने कशी काढली ते तिघांनाही ठाऊक आहे. म्हणून बिल्डरच्या तारखेवर तुमचा विश्वास नाही. माझा तरी कुठे आहे? पण करारनामा वकिलाकडून ओळ न् ओळ वाचून घेतला. नवं घर त्याच जागेवर, 300 चौरस फूट कार्पेट, मालकीचं. दहा बाय अठरात आपण सात जण झोपायचो, काकांचे पाय दाराबाहेर! तिसरी पाळी करून सकाळी यायचात तेव्हा तुमच्या केसांत कापूस असायचा. तो वेचल्याशिवाय मी तुम्हाला आडवं होऊ द्यायचे नाही.

आता ऐका. जुन्या भाडेपावत्या, लाइटबिलं, रेशनकार्ड एका पिशवीत, आणि ती पिशवी आईकडे. मला दाखवल्याशिवाय कुठेही सही नाही. बाबांनी स्टुलावर चढून माळा उपसायचा नाही, दादा रविवारी येतोय. तांब्याचा बंब भंगारात द्यायचा नाही, तो मला हवाय. केईएमचे केसपेपर वेगळे ठेवा.

गणपतीत दहाही दिवस मावशीकडे राहा, मी अडवणार नाही. फक्त लालबागच्या राजाच्या रांगेत उभं राहायचं नाही, गणेश गल्लीतून हात जोडून परत यायचं. आणि आई, साखरेची गोळी जेवणाआधी, नंतर नाही.

तुमची,
बेबी