स्टुडिओवाल्या काकांना

नमस्कार काका,

फोन केला की तुम्ही "बरं बरं, फोटो पाठव" एवढं बोलून ठेवून देता, आभाराचा विषय काढूच देत नाही. म्हणून शेवटी लिहायला घेतलं, आणि सगळ्यांसमोरच लिहितेय, कारण अमळनेरात असा माणूस बसलाय हे अजून चार पोरापोरींना कळायला पाहिजे.

मागच्या मे महिन्यात मी तुमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा अगदी रडवेली झाले होते. दोन वर्षं पगारातून पैसे बाजूला टाकून कॅमेरा घेतला, त्यावर ५० एमएमची एफ १.४ लेन्स घेतली, म्हणजे आतलं भोक खूप मोठं उघडणारी, सगळे म्हणायचे लेन्स चांगली घे, बॉडी म्हणजे नुसता कॅमेरा काय बदलता येतो. घेतली. आणि पहिल्याच रविवारी गावाकडे शेतात भर दुपारी बाबांचे फोटो काढले तर सगळे पांढरेफटक, बाबांचा सदरा आणि मागचं आभाळ एकच झालेलं. कॅमेऱ्यात शटरचा, म्हणजे उजेड किती वेळ आत घ्यायचा त्याचा, ४००० चा आकडा नुसता लुकलुकत होता, मला वाटलं पीसच फॉल्टी आला. ज्यांच्याकडून घेतला त्यांना विचारलं तर ते म्हणाले ताई तुम्ही ऑटोवरच ठेवा, मॅन्युअल तुमचं काम नाही. ते वाक्य फार लागलं होतं काका.

तुम्ही कॅमेरा हातात पण घेतला नाही. मला स्टुडिओच्या बाहेर रस्त्यावर उभं केलं आणि म्हणालात, "देख, उजेड देख पहिले." मग आत नेऊन भिंतीवर चिकटवलेलं ते फिल्म रोलचं जुनं खोकं दाखवलंत, त्याच्यावर सूर्य, ढग, सावली अशी चित्रं आणि प्रत्येकापुढे आकडे. कडक ऊन असेल तर एफ १६, म्हणजे भोक बारीक, आणि शटर आयएसओच्या (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील त्याच्या) आकड्याएवढं, म्हणजे आयएसओ १०० ला १/१०० किंवा १/१२५ सेकंद. तुम्ही म्हणालात, रोलमध्ये ३६ फोटो असायचे आणि मागे स्क्रीन नसायचा, लग्नाचं काम चुकलं तर परत लग्न लावता येत नाही, म्हणून हे पाठच असायचं.

मग बोटांवर मोजायला लावलंत. सोळावरून अकरा, आठ, ५.६, चार, २.८, दोन, १.४. सात पायऱ्या. प्रत्येक पायरीला उजेड दुप्पट, म्हणून शटर पण दर पायरीला दुप्पट पळायला पाहिजे, १/१२५ पासून निघालं की सातव्या पायरीला १/१६००० येतं, आणि माझ्या कॅमेऱ्याचं शटर १/४००० ला थांबतं. म्हणजे दोन पायऱ्या उजेड जास्तच शिरत होता. कॅमेरा चांगला होता, लेन्स चांगली होती, आपल्याकडच्या ४४ डिग्रीच्या उन्हात मी १.४ वर दार सताड उघडं ठेवलं होतं. एवढंच! मी तिथे उभ्या उभ्या परत परत मोजलं आणि इतकं मोकळं वाटलं की काय सांगू.

आकडा लहान तर भोक मोठं, हे उलटं का, हे मला कोणी नीट सांगितलंच नव्हतं. तुम्ही तुमची जुनी रिंगवाली ५० ची लेन्स काढली, खिडकीकडे धरली आणि रिंग फिरवलीत. १६ वर पात्या मिटत मिटत मधे ज्वारीच्या दाण्याएवढं भोक राहिलं. तुम्ही म्हणालात, ५० ला १६ ने भाग, तीन मिलीमीटर आलं ना, आता १.४ ने भाग, पस्तीसच्या वर. झालं, तो ज्याने भागायचं तो आकडा आहे, भोकाचं माप नाही. ती लेन्स तुम्ही मला दहा मिनिटं नुसती फिरवू दिलीत.

त्यानंतर दर रविवारी जळगावहून सुरत लाईनची पॅसेंजर पकडून मी यायचे आणि तुमचा नियम एकच, कॅमेऱ्याला हात लावायच्या आधी एफ, शटर आणि आयएसओ असे तिन्ही आकडे तोंडाने सांगायचे. चुकले तर तुम्ही बरोबर उत्तर कधीच दिलं नाही, नुसतं म्हणायचात "परत बघ". तेव्हा राग यायचा. आता वाटतं तुम्ही आकडे सांगितले असते तर मी लिहून घेतले असते आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या उजेडात परत अडले असते. मावसबहिणीच्या साखरपुड्याचे फोटो घेऊन आले होते, ज्यात एलईडीच्या माळांमुळे आडवे काळे पट्टे आले होते, तेव्हा मात्र लगेच सांगितलंत की आपली वीज ५० सायकलची, त्यामुळे लाईट सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, शटर १/१०० किंवा १/५० वर ठेव. नंतर हळदीला तसंच केलं आणि पट्टे गेले. ग्रुप फोटोला १.४ ठेवायचं नाही, मागची रांग धूसर येते, हेही त्याच दिवशी.

पण खरं शिकले ते कापसावर. दिवाळीनंतर वेचणी सुरू होती, घरात ओसरीपासून आतल्या खोलीपर्यंत कापूस भरलेला आणि आजी पांढरं लुगडं नेसून त्या ढिगापाशी बसलेली. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर शून्यावर आणून फोटो काढला तर कापूस राखेसारखा आणि आजीचा चेहरा काळा. तुम्हाला पाठवला. तुमचा मेसेज आला, "मीटरला कापूस कळत नाही. त्याला सगळं जग मधल्या करड्या रंगाचं वाटतं. पांढऱ्याला वाढवून दे, म्हशीला कमी कर." मी गोठ्यात जाऊन म्हशीचा पण काढून बघितला, खरंच, शून्यावर म्हैस धुळकट राखाडी दिसत होती, दीड पायरी खाली नेली तेव्हा कुठे तिची काळी तकाकी आली.

मग आजीपाशी परत बसले. तुम्ही शिकवलं होतं तसं तिच्या चेहऱ्यावर जो दाराचा उजेड पडत होता त्याच उजेडात माझा तळहात धरला, त्याच्यावर मीटर घेतलं, एक पायरी वाढवली आणि मग आकड्यांना हात लावला नाही. आजीचं आपलं चालूच होतं, बोंडाला चिकटलेली पत्ती नखाने काढायची, फुंकर मारायची, बाजूला टाकायची. एका फुंकरीला कापसाचा एक तंतू उडून उजेडात आला आणि मी बटण दाबलं. चेहऱ्यावरची एकेक सुरकुती दिसतेय काका, कपाळावरचं फिकट गोंदण दिसतंय, आणि कापूस पांढरा आहे, कापसासारखा.

आजी जानेवारीत गेली. घरात तिचा फोटो लावायचा म्हटल्यावर बाबांनी आधारकार्डवरचा मोठा करायला काढला होता, मी हा दाखवला. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, हीच माय. आता तो ओसरीत लावलाय. त्यासाठी तुमचे आभार कसे मानायचे हे मला खरंच सुचत नाही, पैसे तुम्ही एकदाही घेतले नाहीत, चहाचे सुद्धा नाही.

त्या फोटोची एक मोठी प्रिंट काढून या रविवारी घेऊन येतेय. मागे आकडे लिहिलेले नाहीत. आधी उजेड बघा आणि तिन्ही तोंडाने सांगा, चुकले तर मी पण "परत बघा" एवढंच म्हणणार आहे.

तुमची,
रविवारची विद्यार्थिनी